पेळूचं लंघन

काल संध्याकाळी नागपूरहून नातीचा फोन आला. मुक्ता तिकडे शिकायला असते, मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. आवाजात उत्साह नुसता उतू चालला होता. "आजी, आज आम्ही हुरड्याला गेलो होतो. अगदी आपल्याकडच्यासारखा, आगटीतला!" मला बरं वाटलं. पोरीला आगटी ठाऊक आहे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि गरम असतानाच हातावर चोळायची हे ठाऊक आहे, म्हणजे आमचं अगदीच सगळं वाया गेलं नाही. मग ती म्हणाली, "येताना भुऱ्यासाठीपण आणला. काय मिटक्या मारत खाल्ला गं त्याने! मूठ संपली तरी माझा हात चाटत होता."

भुऱ्या म्हणजे तिचा ससा. मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. हात तिथेच राहिला.

"आता आणखी देऊ नकोस," मी म्हणाले. "वाळलेलं गवत टाक त्याच्यापुढे." ती हसली. हसणारच. आमच्या घरात माझ्या काळजीवर हसायचा रिवाज आहे. कोणी उशिरा आलं, कोणी शिंकलं, कोणी ताटात चतकोर भाकरी टाकली की माझा जीव टांगणीला लागतो, आणि सगळे एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. मन चिंती ते वैरी न चिंती, असं मुलगा मला ऐकवतो. खरं आहे त्याचं. पण मन चिंततं ते कधीकधी आधीच घडून गेलेलं असतं, हे त्याला कुठे माहीत?

आज सकाळी पुन्हा फोन. आवाजातला उत्साह गेलेला. भुऱ्या कोपऱ्यात कुबड काढून बसला आहे. काही खात नाही. पोट डफासारखं लागतं. आणि मुख्य म्हणजे काल रात्रीपासून खाली एकही लेंडी नाही. जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, औषध पाजलं, आता वाट बघायची आहे. "दुपारी सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी फोनशेजारी खुर्ची ओढून बसले आहे. सुनेने दोनदा जेवायला बोलावलं. भूक नाही म्हणून सांगितलं. नुसतं बसवेना म्हणून हे लिहायला घेतलं.

खिडकीतून उन्हाचा पट्टा आला आहे. पौषातलं हे ऊन मला नेहमीच फसवं वाटत आलं. दिसायला इतकं सुरेख, अंगावर घ्यावं तर ऊब कशी ती लागत नाही. असंच ऊन सासरी, धामणगाव बढ्याच्या आमच्या अंगणात पडायचं, आणि त्यात एका टोपल्याशेजारी मी गुडघ्यात डोकं घालून बसलेली असायची. किती हिवाळे आले नि गेले, सगळे एकमेकांत मिसळून गेले. तो एक मात्र अजून वेगळा काढून ठेवल्यासारखा आहे.

माझं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठी कागदपत्रं नागपूरला जायची आणि बहुतेक तिथेच राहायची. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, ते म्हणत, "राज निजामाचं असो की नागपूरचं, पोट ज्याचं त्याचं." पोट हा मामाजींचा आवडता विषय. गावात कोणाचं पोट बिघडलं की माणसं आमच्या ओसरीवर येत. मामाजी वैद्य नव्हते, पाटीलकीच्या घरातले शेतकरी होते. पण त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं एकच औषध त्यांच्याकडे होतं आणि त्याच्यावर त्यांची देवासारखी श्रद्धा होती. ते म्हणजे लंघन. काही खायचं नाही. कोमट पाण्यात ओवा उकळून घोट घोट घ्यायचा आणि गप पडून राहायचं. "पोटाले सुट्टी द्या," ते सांगत. "बैलाले पोळ्याची सुट्टी भेटते, पोटाले कधी भेटते?" आणि माणसं खरोखर बरी होऊन जात.

माझं माहेर पिंपळगाव राजाचं. लग्नाच्या गाद्या भरायला रहमतचाचा आले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, कापूस पिंजायचं काम. त्यांच्या घरी जावं तर सगळ्या घरात तंतू उडत असायचे, चाचांच्या भिवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या कापसाच्या ढिगात ते ससे पाळत. ढिगात हात घातला की कधी कापूस लागे, कधी ससा. लहानपणापासून मी तिथेच पडलेली असायची. लग्न ठरलं तसं चाचांनी एक पिल्लू माझ्या ओटीत टाकलं. "ले बेटी. गादीत कापूस भरला, हा उरला." मी त्याचं नाव पेळू ठेवलं. सूत कातायला कापसाची गुंडाळी करतात, तिला पेळू म्हणतात; हातात घेतला की हा तसाच मऊ आणि हलका लागायचा. याला काय खाऊ घालायचं म्हणून विचारलं तर चाचा म्हणाले, "गवत. और क्या? सासरी गवत नसते का?"

सासरी गवत होतं. सगळंच होतं. गोठाभर ढोरं होती, कणग्या भरलेल्या होत्या, अंगणात कापसाचा ढीग होता. फक्त माझं असं कोणी नव्हतं. हे कापसाच्या गाड्या घेऊन मलकापूरला जात ते चार-चार दिवस येत नसत. मामाजींसमोर मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची. त्यांचा चेहरा मी पहिले कित्येक महिने धड पाहिलाही नव्हता, त्यांचा खोकला आणि जोड्यांची करकर एवढीच ओळख. सासूबाईंना आत्याबाई म्हणायचं. त्या धिप्पाड, कामसू आणि मोजकं बोलणाऱ्या. घरात स्वच्छतेची इतकी कडक शिस्त की घडवंचीवर धुळीचं बोट उमटलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

त्या गोळ्याने मला जेवू दिलं नाही. बायका सगळ्यात शेवटी जेवायच्या, त्यात मी शेवटची. भाकरीचा पहिला घास घशाखाली उतरायचा, दुसऱ्याला वाटायचं कोणी बघतं आहे. चटणी कोरडी लागायची. मी अर्धी भाकरी पदराखाली लपवून गाईला नेऊन द्यायची. दुपारी अंगणात कोणी नसलं की पेळूला मांडीवर घ्यायची. तो कडब्याची पाती दातात धरून कुरकुर कुरकुर आत ओढायचा, अगदी मन लावून, जणू काही जगात दुसरं काम नाही. ते बघता बघता माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. कमरेला बांधून ठेवलेला भाकरीचा तुकडा मी तेव्हा खायची. खरं सांगायचं तर त्या घरात माझं जेवण त्याच्यासोबत व्हायचं.

त्याची एक खोड मात्र मला धास्तावून सोडायची. सकाळी सकाळी तो अंगाचं वेटोळं करून मान खाली घालायचा, मागून काहीतरी तोंडाने उचलायचा आणि न चावता गिळून टाकायचा. लेंडीच ती. पण नेहमीची गोल कोरडी नव्हे. मऊ, चकाकणारी, बोराच्या बियांचा झुबका असावा तशी. रहमतचाचांच्या घरी हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं. सासरी मात्र तो मान वळवू लागला की मी आडवी उभी राहायची. एके सकाळी व्हायचं ते झालं. आत्याबाई कळशी घेऊन आल्या आणि जागीच थबकल्या.

"अवं माय! हा तं आपलंच खाऊन राह्यला!"

मी मान खाली घातली, जणू ते मीच करत होते. त्यांनी कळशीतलं पाणी अंगणात ओतून टाकलं आणि पुन्हा विहिरीवर गेल्या. त्या दिवसापासून पेळूला माजघर बंद झालं.

मग हुरडा आला. आमच्या घरी हुरडा म्हणजे आल्यागेल्याला आवतण. शेतात खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा निळा धूर वाऱ्याबरोबर लोळत जायचा, कणसं तडतडायची. सुपात हिरवा वाफाळता हुरडा, शेजारी लसणाची चटणी, गूळ, मडक्यातलं दही. मामाजी स्वतः कणसं चोळायचे. त्यांच्या पंजांना चटका बसत नसे. पेळूला टोपल्यात घालून मी बरोबर नेलं होतं, कारण त्याला एकट्याला मागे ठेवायची भीती वाटत होती. पाहुण्यांना तो खेळच झाला. जो तो मूठभर हुरडा त्याच्यापुढे धरू लागला. कोणी गुळाचा खडा दिला. आणि मग एकदम सगळे बाजूला झाले, जोड्यांची करकर ऐकू आली, आणि मामाजी टोपल्याशी उकिडवे बसले.

"काय रे पाहुण्या," ते म्हणाले, "आमच्या वावराचा माल कसा हाय?"

पदराच्या फटीतून मी फक्त त्यांचा हात पाहत होते. राठ, काळा पडलेला तळहात, त्यावर गूळ मळलेला हुरडा, आणि त्यात खुपसलेलं पेळूचं गुलाबी नाक. हात भरला गेला, रिकामा झाला, पुन्हा भरला गेला. मला इतकं हरखून गेल्यासारखं झालं की काय सांगू! ज्या माणसासमोर माझा आवाज फुटत नव्हता त्याच्या हातून माझ्या माहेरचं जितराब जेवत होतं. आतून कुठेतरी वाटत होतं, पुरे आता, बस झालं. पण नवी नवरी सासऱ्याला पुरे म्हणते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेळूने पातीला तोंड लावलं नाही.

आधी मला वाटलं, रुसला. मग वाटलं, थंडी बाधली. दुपारपर्यंत तो पाठीची कमान करून टोपल्याच्या कडेला चिकटून बसला. पोटाला हात लावला तर ताठ. कान लावला तर आत काही नाही. एरवी सशाच्या पोटाला कान लावला की बारीक गुरगुर येते, दुरून पाणी वाहतं आहे अशी, ती नव्हती. आणि तो दात खात होता. करकर, करकर. पाती खातानाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा. हा दुखण्याचा आवाज आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. टोपल्यात खाली चिकट डाग होते आणि नंतर तेही नव्हते. टोपलं स्वच्छ. आयुष्यात मला स्वच्छतेची एवढी भीती कधी वाटली नाही.

मलकापूरला ढोरांचा दवाखाना होता, पण तिथे बैल नेत, म्हैस नेत. ससा घेऊन कोण जाणार? नेला असता तर कंपाउंडरच हसून लोळला असता. आणि मला दुसरीच धास्ती होती. शेजारच्या बायका धान्य निवडताना काय बोलतात ते मी ऐकलं होतं. नव्या नवरीच्या पहिल्या वर्षात घरात काही मेलं, वासरू म्हणा की पोपट, की तिचा पायगुण निघायचा. पेळू गेला असता तर माझं माहेर तर गेलंच असतं, वर सासरही माझं झालं नसतं. मी सतरांदा टोपलं उचलून पाहत होते.

मामाजींना कोणीतरी सांगितलं. त्यांनी ओसरीवरूनच विचारलं, "पोट फुगलं का?" आत्याबाईंनी हो म्हणून सांगितलं. "मंग लंघन," मामाजी म्हणाले. "काही घालू नोका पुढ्यात. ओव्याचं पाणी पाजा."

पुढ्यातली पाती काढली गेली. गवत काढलं गेलं. मी चिंधीच्या बोळ्याने ओव्याचं पाणी त्याच्या ओठांशी पिळायची, तो तोंड फिरवायचा. मग आत्याबाईंना आठवलं. "पण हा तं आपलंच खाते ना बाप्पा. मंग त्याचं कायचं लंघन?" हा प्रश्न बाहेर ओसरीवर गेला. मामाजींना लंघन अर्धवट केलेलं चालत नसे.

मळणीच्या वेळी बैल खळ्यावर फिरताना कणसांना तोंड लावू नये म्हणून त्यांच्या तोंडाला सुतळीच्या जाळीचं मुसकं बांधतात. मामाजींनी तसलं मुसकं पेळूसाठी विणलं. स्वतः. ओसरीवर बसून, बोटाएवढं, बारीक सुताचं, एकेक गाठ नीट मारून. नाकाला टोचू नये म्हणून आतून कापसाचा पातळ थरही लावला. आत्याबाईंनी ते आत आणलं तेव्हा माझ्या तळहातावर ठेवलं, आणि मी ते बघत राहिले. इतकी सुबक वस्तू मी त्या घरात दुसरी पाहिली नव्हती. मला रडू येत होतं आणि का येतं आहे ते कळत नव्हतं. माझ्याच हातांनी मी ते पेळूच्या तोंडावर बांधलं.

त्यानंतरचा काळ माझ्या अंगात अजून कुठेतरी तसाच्या तसा आहे. सशाचा श्वास किती भराभरा चालतो हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच कळेल की तो मंदावला की कसं वाटतं. कान थंड पडले होते. मी ते हातात धरून फुंकर घालायची. चुलीवर भाकरी थापताना जीव अंगणात, अंगणात बसले की जीव चुलीवर, कारण भाकरी करपली तर बोलणी. माझं स्वतःचं जेवण तर थांबलंच होतं. आता गाईला अर्धी नाही, पूर्ण भाकरी जायची. आणि गाईच्या घमेल्यात मला आणखी दोन भाकरी दिसायच्या, दुमडलेल्या, शिळ्या नव्हे, ताज्या. त्या कोणाच्या, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही. आत्याबाई मामाजींचं ताट झाकून ओसरीवर नेत आणि थोड्या वेळाने झाकूनच परत आणत. मी आपली पेळूच्या टोपल्यात डोळे लावून बसलेली.

दुसऱ्या दुपारी आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कंबरेवर हात.

"काऊन जेवून नाही राह्यली तू?"

मी टोपल्यावर पदर ओढला.

"गाईले खाऊ घालून राह्यली. मले दिसत नाही का? आंधळी हावो का मी?"

तेव्हा माझा बांध फुटला. पदराचं भान राहिलं नाही. "त्याले बांधून ठेवलं आत्याबाई. त्याले भूक लागली असन. मी कशी जेवू?" आणि मी टोपल्यावर पडून हुंदके देऊ लागले. सासरी आल्यापासून एवढं लांबलचक वाक्य मी कोणापुढे बोलले नव्हते.

आत्याबाई खाली बसल्या. त्यांनी पेळूला उचलून मांडीवर घेतलं. या बाईने त्याला पहिल्यांदा हात लावला. त्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, तोंड पाहिलं, मागची बाजू पाहिली, जशी गोठ्यात वासराची बघत. गोठा हा त्यांचा प्रांत होता. मामाजी माणसांची पोटं बघत, ढोरांची त्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या,

"माणूस दोन रोज उपाशी राह्यला तं हलका होते. पण ढोरानं रवंथ सोडला अन् आपण त्याले उपाशी ठेवलं, तं थे उठत नाही." मग माझ्याकडे बघून, "हा सकाळी थे मऊ मऊ खाते ना? रोज?"

"हाव," मी म्हणाले.

"मंग थे घाण नसन. थो त्याचा रवंथ असन. गाय वरून काढते अन् चावते, हा खालून काढते. देवानं ज्याले जसं देलं." त्यांनी कंबरेचा विळा काढला आणि मुसक्याची दोरी कापली. त्यांनाही खात्री नव्हती, हे मला दिसत होतं. "मी काही शानी नाही, बाई. पण मुसकं बांधून कोन्तं ढोर बरं झालं?"

पुढचं सगळं आम्ही दोघींनी केलं. कडब्याची कोरडी पाती बारीक मोडून त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून सरकवायची. तो थुंकायचा, पुन्हा सरकवायची. चिमटीभर वाळली हरळी. चिंधीने पाणी. आत्याबाईंनी फडकं तव्यावर शेकून त्याच्या पोटाखाली धरलं आणि बोटांनी हलके हलके चोळत राहिल्या, पुढून मागे, पुढून मागे. मग खाली सोडायचा आणि हळूच ढकलायचा, दोन पावलं टाकायला लावायची. पुन्हा मांडीवर. या कामात बोलायला काही नसतं. पण ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं तसं आत्याबाई बोलू लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्यासोबत मैना होती. पिंजरा ओसरीवर टांगलेला असायचा. पहिल्याच हिवाळ्यात ती गेली. "मंग?" मी विचारलं. "मंग काय," त्या म्हणाल्या, "बायका बोलल्या. अजून बोलतात." त्यांची बोटं पेळूच्या पोटावर फिरतच होती.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. रात्री आत्याबाईंनी टोपलं माजघरात आणलं, चुलीच्या उबेजवळ. ज्या माजघरातून त्याला हाकललं होतं त्यात. मला झोप लागली असेल असं वाटत नाही, पण पहाटेच्या कोंबड्याने मी दचकले हे खरं. कंदील घेऊन टोपल्यात बघायचं धाडस होईना. आवाज आला म्हणून बघितलं. कुरकुर. करकर नव्हे, कुरकुर. पेळू टोपल्याबाहेर आला होता, त्याच्या तोंडातून हरळीची काडी लटकत होती आणि हळूहळू आत चालली होती. आणि त्याच्यामागे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, दोन-चार काळ्या, वेड्यावाकड्या, केसांत गुंतलेल्या लेंड्या पडल्या होत्या.

लोक सोन्यानाण्याला बघून हरखतात. मी त्या लेंड्या तळहातावर घेऊन आत्याबाईंच्या अंथरुणाशी धावले. त्या जाग्याच होत्या. त्यांनी कंदील वर करून पाहिलं, एक लेंडी बोटाने फोडून पाहिली, आणि डोळ्याला पदर लावला. ही तीच बाई, जिने कळशीभर पाणी ओतून टाकलं होतं.

आणि तेवढ्यात ओसरीवरून खोकला आला. "पडली का?" मामाजींनी विचारलं.

"पडली," आत्याबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मुसकं मी काढलं. काल दुपारीच. पातीही घातली."

मी श्वास रोखला. त्या घरात मामाजींचं लंघन कोणी मोडलेलं मी ऐकलं नव्हतं. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक, थकलेला.

"बरं केलं. मंग वाढा आता. लई भूक लागली."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या चूल पेटवायला उठल्या होत्या. काटक्या मोडत म्हणाल्या, "ज्याले लंघन सांगतलं त्याच्या संगं आपणही जेवायचं नाही, हे त्यायच्या बापापासून चालत आलं. तो जेवला की आपण. परवा दुपारपासून पाण्यावर हाय माणूस." म्हणजे गाईच्या घमेल्यातल्या त्या ताज्या भाकरी. म्हणजे ते झाकलेलं ताट. एका सशासाठी. मुसकं विणणारे ते हात उपाशी होते. मी ज्या घराला इतके दिवस भीत होते ते घर दोन दिवस माझ्यासोबत उपाशी होतं आणि मला पत्ता नव्हता. आत्याबाई तरी जेवल्या होत्या का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या भाकऱ्या थापायच्या घाईवरून कळत होतं.

त्या पहाटे त्यांनी रिवाज मोडला. बायकांनी शेवटी जेवायचं वगैरे काही नाही. मामाजींचं ताट ओसरीवर गेलं आणि चुलीसमोर दोन ताटं आली. गरम भाकरी, तेलातला लाल ठेचा, वर कच्चा कांदा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. आत्याबाई म्हणाल्या, "खाय. पण हुरड्यासारखी नको खाऊ." आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो, मामाजींना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना गेलंच असणार.

पेळू पुढे पुष्कळ वर्षं राहिला. त्याला हुरडा पुन्हा मिळाला नाही. मामाजी हुरड्याला बसताना त्याच्यासाठी मुद्दाम कडब्याची पाती वेगळी काढून ठेवत. ते बोटाएवढं मुसकं त्यांनी गोठ्याच्या खुंटीला, बैलांच्या मुसक्यांच्या रांगेत टांगलं. पाहुणे विचारत, हे कोणत्या बैलाचं? मामाजी म्हणत, "होता एक. लई अडेल." पण माझ्या मनात ती धास्ती तेव्हापासून घर करून बसली. कोणी जेवलं नाही की मला त्याचं कारण हवं असतं. माझ्या मुलांनी लहानपणी किती वैताग सहन केला असेल! शाळेतून आली की पहिला प्रश्न, खाल्लं का. दुसरा प्रश्न लिहिण्यासारखा नाही. आत्याबाईंच्या शेवटच्या आजारात त्या काही घेईनात तेव्हा मी त्यांच्या पोटावर शेकलेलं फडकं धरून बसायची, आणि त्या डोळे मिटून म्हणायच्या, "मी काही ससा नाही, पोरी." तरी फडकं काढू देत नसत.

ऊन आता खिडकीतून गेलं. सून पुन्हा एकदा दारात येऊन गेली; झाकलेलं ताट टेबलावर ठेवून गेली. मी फोनकडे बघते आहे. मुक्ताच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं आहे, उपाशी ठेवू नका, गवत तोंडाशी धरा, चालतं ठेवा. इतकं मोठं शास्त्र झालं, यंत्रं आली, औषधं आली. पण वाट बघणं तेवढंच राहिलं. त्याला काही औषध निघालं नाही.

फोन वाजला.

"आजी, काडी ओढतोय गं! आणि खाली लेंड्या आहेत. बारक्या आहेत, पण आहेत." तिचा आवाज ओला झाला होता. मी डोळे मिटले. डोळ्यांपुढे सारवलेली जमीन आली, कंदील आला.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय?"

"जेवलीस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सकाळपासून नाही, आजी."

"मग वाढून घे," मी म्हणाले आणि माझ्या ताटावरचं झाकण काढलं. "मीही घेते."